राजा ठेवायचाय? आधी भागाकार शिका

लोकशाहीचा कंटाळा आला असेल तर लाजू नका. सांगलीत चहाच्या गाड्यावर रोज कुणीतरी म्हणतंच, ‘इथं एखादा राजाच पायजे होता.’ मग ठेवा की. फक्त ब्रिटिशांसारखा ठेवा. सह्या करणारा, हात हलवणारा, कारभारात नाक न खुपसणारा. ‘परवडतो का?’ असं विचारणारा एखादा शहाणा भेटणारच. त्याच्यासाठी थोडी तयारी करून ठेवा.

आकडा कधी अख्खा सांगू नये. २०२४-२५ मध्ये ब्रिटिश सरकारने राजाला ८ कोटी ६३ लाख पौंड अनुदान दिलं म्हटलं की माणूस दचकतो. तेच जवळपास सात कोटी लोकांनी भागा. डोईवर सव्वा पौंड येतो, म्हणजे दीडशे रुपयांच्या आसपास. एवढ्याचं तर भडंग संपतं घरात. भागाकारात पोलीस बंदोबस्त मात्र धरायचा नाही. तेही धरत नाहीत. तो खर्च या अनुदानात नसतो आणि सरकार तो जाहीरही करत नाही, कारण सुरक्षेचा प्रश्न. राजेशाही नको म्हणणारी तिथली एक संघटना सगळं मोजून वर्षाला ५१ कोटी पौंड सांगते. असल्या लोकांना गाड्यावर बसू देऊ नका. २०२३ च्या राज्याभिषेकाला सरकारचे ७ कोटी २० लाख पौंड गेले, पण शुभकार्यात कुणी खर्च काढतं का?

मग टक्केवारी. हा विषय आपल्याकडच्या माणसाला शिकवायला नको, तरी तिकडची सफाई बघून घ्या. तिसऱ्या जॉर्जने १७६० मध्ये राजगादीच्या जमिनींचं उत्पन्न सरकारच्या हवाली केलं आणि बदल्यात ठरावीक नेमणूक घेतली. आता अनुदान त्या मालमत्तेच्या नफ्यावरून ठरतं. समुद्राचा तळही त्याच मालमत्तेत मोडतो. तिथं पवनचक्क्यांचे करार झाले आणि नफा अब्ज पौंडांच्या वर गेला. एवढा पैसा राजाला कसा द्यायचा, म्हणून हिस्सा २५ टक्क्यांवरून १२ वर आणला. आणि २०२५-२६ चं अनुदान झालं १३ कोटी २१ लाख. टक्का निम्म्याखाली, रक्कम दीडपट! वर कायद्यातच तजवीज आहे की अनुदान मागच्या वर्षापेक्षा कमी होणार नाही. उसाच्या पहिल्या उचलीला असलं एखादं कलम मागून बघा, मग कळेल राजा कुणाला म्हणतात. वाढीव पैसा कशाला, तर बकिंगहॅम राजवाड्याच्या जुन्या वायरी, नळ आणि बॉयलर बदलायला. वायरिंगला विरोध करून वाईट कोण होणार?

पर्यटक राजामुळेच येतात, असंही ठोकून द्या. फ्रान्समधल्या व्हर्साय राजवाड्याच्या मालकाची मान कापून दोनशे वर्षं उलटली तरी तिथं तिकिटाला रांग असते, हे आपण होऊन सांगायची गरज नाही.

राजा निवडताना एक पथ्य पाळा. औंध संस्थानाचा नमुना नको. भवानराव पंतप्रतिनिधी, बहात्तर गावांचा धनी. या गृहस्थाने लक्ष्मणराव किर्लोस्करांना ओसाड माळावर कारखान्याला जागा दिली, आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैदी बिनभिंतीच्या तुरुंगात बायकापोरांसह शेती करत ठेवले, आणि १९३९ मध्ये, गादीवरून कुणी ओढत नसताना, गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना करून कारभार गावपंचायतींच्या हाती देऊन टाकला. शिवाय सूर्यनमस्काराचं वेड. असा राजा पहाटे उठवणार, हिशेब दाखवणार आणि शेवटी राज्य तुमच्याच गळ्यात मारणार. मग राजा ठेवून उपयोग काय?

पैशाची चिंता नको. संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये २६ व्या घटनादुरुस्तीने बंद झाले, त्यात देशाचे वर्षाला पाचेक कोटी रुपये वाचले. ते कुठंतरी बाजूला ठेवलेले असणारच.

पण नवा राजा आणण्याआधी एकदा विश्रामबागच्या चौकात जाऊन वर बघा. फ्लेक्सवर मधोमध गॉगल लावलेला हसरा चेहरा, खाली तिकिटाएवढ्या चाळीस शुभेच्छुकांच्या चार ओळी, कोपऱ्यात ‘भावी’ म्हणून पाळण्यातून नुकतंच उतरलेलं पोर. आजोबा कारखान्यात, वडील विधानसभेत, पोराचं ठरलेलं. हार क्रेनने, फुलं जेसीबीने, मागंपुढं गाड्या, बंदोबस्त सरकारी. याचा दरडोई खर्च विचारायला गेलात तर कार्यकर्ते डोई मोजतील. लंडनचा राजा दरवर्षी छापील ताळेबंद काढतो, म्हणून तर लोक त्याच्या वायरिंगपर्यंत पोचतात. आपल्याकडे कागदच नाही, तर वाद कशावर घालणार?

तेव्हा तिकीट काढून लंडनला जाऊ नका. पुढच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर जागा धरा, आणि फोटो देताना पांढरा शर्ट टाळा. खालच्या ओळीत सगळे पांढरेच असतात, घरच्यांना सापडणार नाही तुम्ही.