डावी लेन आधी मोकळी करा

गणपती तोंडावर आले की मुंबई-गोवा महामार्गावरून दोन वाद ठरलेले. 2011 साली हाती घेतलेलं चौपदरीकरण एवढी वर्षं का रखडलं, हा पहिला. चाकरमान्यांना गाडी चालवायची शिस्त नाही, हा दुसरा. ह्या दुसऱ्या वादात परदेशात राहणारा कुणीतरी हटकून तोंड घालतो आणि जर्मनीचा दाखला देतो: तिकडे ऑटोबानवर, म्हणजे तिथल्या द्रुतगती महामार्गांवर, कित्येक टप्प्यांत वेगाला मर्यादाच नाही, तरी लोक बघा कसे लेन पाळतात. मी त्याच देशात राहतो आणि मला हा दाखला अर्धवट वाटतो.

उजवी लेन अडवून रमतगमत चालणं आणि पुढच्या गाडीच्या बंपरला चिकटून चालणं, ह्या दोन्ही गोष्टी आपण 'बेशिस्त' ह्या एकाच खुंटीला टांगतो. पहिलीत निम्म्याहून जास्त दोष रस्त्याचा आहे. दुसरीत रस्त्याचा काडीचाही दोष नाही. आणि आपण मात्र पहिलीवर तावातावाने बोलतो, दुसरीबद्दल कुणी ब्र काढत नाही.

आधी लेनचं बघू. जर्मनीत वाहनं रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात, म्हणून तिथली डावी लेन म्हणजे आपली उजवी, ओव्हरटेकची. ओव्हरटेक झालं की मूळ लेनमध्ये परतायचं. कधी परतायचं त्याची खूण ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात: मागे टाकलेली गाडी आतल्या आरशात दोन्ही हेडलाइटांसकट अख्खी दिसली, की इंडिकेटर द्या, मान वळवून बाजूला नजर टाका आणि या. ऑटोबानवर वाहतूक सुरळीत चालू असताना भलत्या बाजूने, म्हणजे तिथे उजवीकडून, ओव्हरटेक केलंत तर 100 युरो दंड आणि लायसनवर एक पॉइंट. आठ पॉइंट झाले की लायसन गेलं. धाक आहेच. पण तो चालतो, कारण परतायला जागा असते. ज्या वाहनाची क्षमता ताशी 60 किलोमीटरच्या वर नाही, त्याला ऑटोबानवर प्रवेशच नाही. सायकल नाही, ट्रॅक्टर नाही, बसथांबा नाही, वळून माघारी जाणं नाही, दुभाजकाला भगदाड नाही. संथ लेन संथ असते, पण मोकळी असते.

आता पनवेलजवळच्या पळस्पे फाट्यावरून निघा आणि डावी लेन धरून चालायचा नेम करा. एसटी थांब्यावर बस अर्धी लेनमध्ये उभी. तिच्यामागे वडापची रिक्षा. पुढे चिऱ्याचा ट्रक पंक्चर होऊन पडलेला. त्रिकोणी रिफ्लेक्टर गाडीत नसतो, म्हणून क्लीनरने मागे वीस पावलांवर चार दगड आणि झाडाची डहाळी ठेवलेली. ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो, दगड तिथेच राहतात. गावातला दुचाकीवाला समोरून उलटा येतो, कारण दुभाजकातली फट दोन किलोमीटर पुढे आहे आणि त्याला पलीकडच्या पेट्रोल पंपावर जायचंय. पावसाळ्यात आणखी एक भर: रस्त्याला उतार बाहेरच्या कडेला दिलेला असतो, गटार तुंबलं की पाणी साचतं ते डाव्या लेनमध्येच. रात्री गुरं बसतात तीही तिथेच.

वर्षानुवर्षं ह्या वाटेने गाडी हाकणारा ट्रकवाला उजवी लेन का धरतो, हे आता वेगळं सांगायला नको. ताशी 45 ने जाणाऱ्या सोळा टनांच्या गाडीला दर अर्ध्या किलोमीटरला लेन बदलणं हे उजवीकडे सरळ जाण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे. मग मागची कार डावीकडून काढते आणि नेमकी त्या दगडांवर किंवा उलट्या आलेल्या दुचाकीवर जाते. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण दुसऱ्याला हिणवतो. इथे अंगण खरोखरच वाकडं आहे.

शिवाय ऑटोबानशी तुलनाच चुकीची. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेशी ती थोडीफार चालेल, कारण तिथे दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे, मधूनच गाडी शिरत नाही, आणि 2024 पासून कॅमेरेही लेन तोडणाऱ्याला चलान पाठवू लागलेत. मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजेच राष्ट्रीय महामार्ग 66, हा गावागावातून जाणारा खुला रस्ता आहे. त्याची जोडी लावायची तर जर्मनीतल्या शहरांबाहेरच्या साध्या रस्त्यांशी लावा: कारला कमाल वेग साधारण 100, ट्रॅक्टरही त्याच रस्त्यावर, आणि ओव्हरटेकला मनाई असलेले लांबच लांब टप्पे. जर्मनीतल्या अपघाती मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त ह्याच रस्त्यांवर होतात, ऑटोबानवर नव्हे. शिस्तीचे पुतळे समजले जाणारे जर्मन तिथे वळणावर ओव्हरटेक करून मरतातच.

पण ही सबब सगळीकडे चालायची नाही. सिंधुदुर्गातला खारेपाटणपासून झारापपर्यंतचा टप्पा बाकीच्यांच्या आधी पुरा झाला. कणकवली आणि कुडाळच्या दरम्यान डावी लेन मैलभर रिकामी असताना उजवीतून 60 ने जाणारी कार, काच वर, गाणी चालू, डावा आरसा मिटलेला, ही निव्वळ आडमुठेगिरी आहे. डावा आरसा मिटलेला असला की त्या माणसाला डावी लेन अस्तित्वातच नसते. निघण्यापूर्वी तो उघडा आणि असा लावा की स्वतःच्या गाडीचा दरवाजा आरशाच्या आतल्या कडेला जेमतेम दिसेल. जास्त दिसला तर शेजारची लेन कमी दिसते.

ट्रकच्या उजव्या इंडिकेटरबद्दलही एक सांगायला हवं. जुन्या दुपदरी रस्त्यावर उजवा इंडिकेटर म्हणजे 'पुढे मोकळं आहे, जा' अशी खूण काही ड्रायव्हर देत आणि काही 'येऊ नको' म्हणून देत. चौपदरी रस्त्यावर तोच इंडिकेटर बहुधा 'मी दुभाजकाच्या फटीतून वळतोय' असा असतो. ट्रकचा वेग उतरतोय आणि पुढे दुभाजक तुटलेला दिसतोय, एवढं दिसलं की उजवीकडून काढायचा विचार सोडा.

आता चिकटून चालणं. केंद्र सरकारच्या 2022 च्या रस्ते अपघात अहवालात धडकेच्या प्रकारांत मागून बसलेली धडक सगळ्यांत वर आहे, एकूण अपघातांच्या सुमारे पाचवा हिस्सा. इथे खड्डा, गुरं, ठेकेदार कुणाचंच नाव घेता येत नाही. पुढे किती जागा सोडायची हे फक्त मागच्या माणसाच्या उजव्या पायाच्या हातात आहे.

हिशोब साधा आहे. ताशी 80 म्हणजे सेकंदाला 22 मीटर. पुढच्याचे ब्रेक लाइट दिसून पाय ब्रेकवर पोचायला चांगल्या, जाग्या माणसाला एक सेकंद लागतो. आपल्याकडे सर्रास दिसणारं अंतर दोन गाड्यांच्या लांबीएवढं, म्हणजे आठ-दहा मीटर, अर्ध्या सेकंदाहून कमी. पुढच्याने करकचून ब्रेक मारला आणि तुमचे ब्रेक त्याच्याइतकेच चांगले असले, तरी त्या एका सेकंदाचे 22 मीटर तुमच्याकडे नसतात; धडक बसतेच. 'माझ्या गाडीला एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) आहे' हे तर उलट समजून घेण्यासारखं आहे. नव्या कारना एबीएस 2019 पासून सक्तीचं झालं. तुमच्यापुढची कार नवी आणि तुमची दहा वर्षांची, किंवा तुम्ही भरलेल्या पिकअपमध्ये, तर ती जिथे थांबेल तिथे तुम्ही थांबणार नाही. मोठ्या ट्रकच्या हवेच्या ब्रेकला दाब चाकापर्यंत पोचायला आणखी क्षणभर लागतो.

अंतर मीटरमध्ये मोजता येत नाही, म्हणून सेकंदात मोजा. पुढची गाडी एखादा खांब, पुलाची सावली किंवा रिफ्लेक्टर ओलांडेल तेव्हा 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणा. दोन पुरे होण्याआधी तुम्ही त्या खांबाशी आलात तर जवळ आहात. कोरड्या रस्त्यावर दोन सेकंद, पावसात चार. एसटीच्या मागे धुरळ्यासारखं पाणी उडत असेल तर वायपर वाढवण्याआधी अंतर वाढवा, दिसायला आपोआप लागतं. मासळीच्या टेम्पोमागेही असंच: बर्फाचं खारं पाणी गळत असतं, रस्ता फक्त त्याच्या मागेच ओला असतो.

घाटात चिकटणाऱ्याचं आणखी एका कारणाने फसतं. चिपळूणजवळचा परशुराम घाट उतरताना जाणता ड्रायव्हर गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर सोडतो, ब्रेक तापू नयेत म्हणून. वेग कमी होतो, पण ब्रेक लाइट लागत नाही. मागचा लाल दिव्याची वाट बघत बसतो. चढावर उलटं: तुम्ही 80 ने येताय, वळणापलीकडे ट्रक 25 ने रांगतोय. फरक 55 चा, सेकंदाला 15 मीटर. ट्रक दिसला तेव्हा तो 75 मीटरवर असेल तर तुमच्याकडे पाच सेकंद आहेत. त्याचे मागचे दिवे चिखलाने माखले असतील तर तेवढेही नाहीत.

'अंतर ठेवलं की कुणीतरी मध्ये घुसतं' हे उत्तर तयारच असतं. घुसतो, खरं आहे. घुसू द्या. एकदा कुणी घुसलं की पुन्हा दोन सेकंदांचं अंतर करायला तुमचे साधारण दोन सेकंद जातात. पनवेल ते कणकवली पन्नास जण घुसले तर 100 सेकंद. वाटेत एक चहा त्याच्या सहापट वेळ खातो. आणि चिकटून मिळतं काय? वेग पुढच्याचाच राहतो. आंब्याच्या हंगामात पेट्या पहाटेच्या आत वाशीच्या बाजारात पोचवायच्या म्हणून पिकअपवाले जिवावर उदार होतात. त्यांची घाई तरी पैशाची आहे. हौशी चिकटणाऱ्याला काहीच मिळत नाही.

आपल्यामागे कुणी चिकटला तर अचानक ब्रेक मारून अद्दल घडवायला जाऊ नका. स्वतःच्या पुढचं अंतर वाढवा, म्हणजे तुम्हाला जोरात ब्रेक मारायची वेळच येणार नाही, आणि डावीकडे जागा मिळाली की इंडिकेटर देऊन सोडा त्याला.

कायद्यात हे नाही असं नाही. मोटार वाहन ड्रायव्हिंग विनियम 2017 सांगतात की पुढचं वाहन अचानक थांबलं तरी धडक होणार नाही इतकं अंतर ठेवा. पण 'इतकं' म्हणजे किती? आकडा नाही, म्हणून हवालदार कुणाला पकडू शकत नाही आणि अपघात झाल्यावरच कलम आठवतं. जर्मनीत आकडा आहे: स्पीडोमीटरवर जो वेग, त्याच्या निम्मे मीटर. 120 ला 60 मीटर. 30 मीटरच्या आत आलात की 75 युरो आणि एक पॉइंट. 18 मीटरच्या आत 160 युरो, दोन पॉइंट आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. 6 मीटरच्या आत 320 युरो आणि तीन महिने. मोजतात कसं, तर पुलावरून कॅमेरा लावून, रस्त्यावर आखलेल्या रेघांच्या आधाराने. जर्मन माणूस जन्मतः सज्जन असता तर ह्या कोष्टकाची गरजच पडली नसती.

कोंडीतल्या वागण्यावर फार लिहीत नाही. रायगडातल्या माणगाव-इंदापूरला बायपास रखडल्याने गणपतीत रांगा लागतात आणि दोन लेनच्या चार होतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जर्मनीत वाहतूक रेंगाळली की डाव्या लेनच्या गाड्या डाव्या कडेला, बाकीच्या उजवीकडे सरकतात आणि मध्ये ॲम्ब्युलन्सपुरती वाट ठेवतात. न ठेवल्यास 200 युरो, दोन पॉइंट, महिन्याची बंदी. आपल्या कायद्यातही ॲम्ब्युलन्सला वाट न देण्याला 10,000 रुपये दंड आहे. तो वसूल करायला चौथी लेन करणाऱ्यांपैकी पहिल्या दहांचे नंबर टिपले तरी पुरे.

सुरुवात कुठून करावी, ह्यावर माझं मत स्पष्ट आहे: ह्याच महामार्गावरच्या काशेडीच्या बोगद्यातून. जवळपास दोन किलोमीटरचा पट्टा, येण्या-जाण्याचे बोगदे वेगळे, आत ना थांबा, ना टपरी, ना दुभाजकाची फट. अंगण वाकडं असल्याची सबब तिथे कुणालाच सांगता येणार नाही. डावी लेन तिथे खरोखर रिकामी असते, तेव्हा लेनचं चलानही तिथे न्याय्य ठरतं. अंतरासाठी इंग्लंडच्या मोटरवेवर काही ठिकाणी करतात तसे रस्त्यावर पांढरे बाण रंगवावेत आणि फलक लावावा: पुढच्या गाडीपर्यंत दोन बाण दिसले पाहिजेत. 80 च्या वेगाला दोन बाणांत 22 मीटर अंतर पुरतं. रंग थर्मोप्लास्टिकचा, काचेचे मणी टाकलेला हवा, नाहीतर टायरबरोबर आत येणाऱ्या चिखलाने पहिल्याच पावसाळ्यात बाण दिसेनासे होतील. आणि कॅमेरा बोगद्याच्या तोंडाशी नको, चांगला तीनशे मीटर आत हवा. उन्हातून अंधारात शिरताना डोळे सरावेपर्यंत सगळेच ब्रेकवर पाय ठेवतात, तिथलं मोजमाप कुणावरच धरता येणार नाही.