अंदमान 1943: ‘स्वतंत्र’ बेटावरचे कैदी

दरवर्षी 30 डिसेंबर जवळ आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो: ‘1943 साली नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, जपान्यांनी अंदमान आझाद हिंद सरकारच्या हवाली केले आणि बेटे स्वतंत्र झाली, तेथे जे पकडले गेले ते इंग्रजांचे हेर होते.’ यातले ध्वजारोहण खरे आहे. उरलेली विधाने मात्र टिकत नाहीत.

आधी बेटे हवाली केल्याचा दावा पाहू. 23 मार्च 1942 रोजी उतरलेल्या जपानी सैन्याने युद्ध संपेपर्यंत बेटांचा ताबा सोडला नाही. आझाद हिंद सरकारचे प्रशासक म्हणून ए. डी. लोगनाथन फेब्रुवारी 1944 मध्ये तेथे पोहोचले, पण जपान्यांनी पोलीस खाते सोडण्यास नकार दिला आणि लोगनाथन यांच्या हाती प्रत्यक्षात आले ते शिक्षण खाते. सेल्युलर जेलच्या किल्ल्या जपान्यांकडेच राहिल्या.

हेरगिरीचा आरोप अधिक गंभीर आहे, कारण तो मृतांवर आहे. ब्रिटिशांची गुप्त पथके पाणबुडीतून बेटावर उतरत होती हे खरे. परंतु त्यांना माहिती नेमकी कोणी दिली हे शोधण्याऐवजी जपान्यांनी सरकारी नोकर, शिक्षक, डॉक्टर असे सामान्य लोक उचलून नेले आणि मारहाण करून कबुलीजबाब मिळवले. पंजाबी कवी आणि डॉक्टर दिवाणसिंग ‘कालेपानी’ हे तर इंडियन इंडिपेंडन्स लीगचे, म्हणजे जपान ज्यांना मित्र म्हणवत होता त्या संघटनेचे स्थानिक प्रमुख होते. ऑक्टोबर 1943 मध्ये त्यांना कैद झाली आणि अडीच महिन्यांहून अधिक काळ छळ सोसून 14 जानेवारी 1944 रोजी ते मरण पावले. याचा अर्थ असा की पोर्ट ब्लेअरला ध्वज चढत होता त्या दिवशी ते त्याच गावात कोठडीत होते. त्यानंतर पंधरवड्याने, 30 जानेवारीला, हमफ्रेगंज येथे 44 कैद्यांना गोळ्या घालण्यात आल्या. आणि समजा, त्यांच्यातला एखादा हेर होताच, तरी 1907 च्या हेग नियमावलीचे 30 वे कलम रंगेहाथ सापडलेल्या हेरालाही खटल्याशिवाय शिक्षा देण्यास मनाई करते.

‘हे सांगणे म्हणजे नेताजींची बदनामी’ असाही एक आक्षेप त्या मजकुराखाली असतो. तो मला पटत नाही. तीन दिवसांच्या त्या भेटीत नेताजी जपानी बंदोबस्तात वावरत होते. कैद्यांना पकडण्याचे वा मारण्याचे हुकूम जपानी अधिकाऱ्यांचे होते. खरे तर लीगचेच कार्यकर्ते कोठडीत मेले हे लपवण्यात नेताजींचा कोणता मान राखला जातो, हे त्या मजकुराच्या लेखकांनी सांगावे. सेल्युलर जेल म्हटले की आपल्याला 1911 ते 1921 या काळातले सावरकर आठवतात. त्याच भिंतींआड 1943 मध्ये डांबलेल्यांची नावे आपल्याला ठाऊक नसतात.

राहिला त्या मजकुरातला ‘शेवटी सर्व सुरळीत झाले’ हा सूर. धान्य संपत आले तेव्हा, ऑगस्ट 1945 मध्ये, शेती करायला नेतो असे सांगून शेकडो नागरिकांना हॅवलॉक बेटाकडे नेण्यात आले आणि किनाऱ्यापासून दूर समुद्रात उड्या मारायला लावले. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच वाचले. 2018 च्या 30 डिसेंबरला याच हॅवलॉकचे नाव स्वराज द्वीप झाले.