'नाव बदला, फाइल जाते' म्हणे!

माझा मामा वाशीच्या मसाला मार्केटात चार गाळ्यांचे हिशेब लिहितो. परवा रात्री साडेदहाला त्याने एक मेसेज पुढे ढकलला, वर "कामाचं आहे, ठेव जपून". मेसेज असा: जीमेल तुमच्या फाइली मुद्दाम अडवतं, कारण त्यांना गुगल ड्राइव्हची (फाइली ऑनलाइन ठेवायची) जागा विकायची आहे. ईएक्सई (म्हणजे प्रोग्रामच्या) फाइलचं नाव बदलून जेपीजी (म्हणजे फोटो) करा. नाहीतर झिप करून पासवर्ड लावा, जीमेल आंधळं होतं. पुढच्याला अँटीव्हायरस पाच मिनिटं बंद ठेवायला सांगा. तरी अडलंच तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून टाका. शेवटी "दहा जणांना पाठवा".

असले मेसेज मी वाचतही नाही. पण मामाला बिलिंगच्या प्रोग्रामची सेटअप फाइल गाळ्यावर पाठवायची होती, आणि यातलं बरंच त्याने आधीच करून पाहिलं होतं.

ड्राइव्ह विकण्याचा मुद्दा एका ओळीत संपतो. गुगल ड्राइव्ह आलं 2012 मध्ये, जीमेल 2004 मध्ये आणि मायक्रोसॉफ्टने आउटलुक या आपल्या मेलच्या प्रोग्राममध्ये असल्या फाइली अडवायला घेतल्या त्या 2000 साली. तेव्हा कोण कोणाला कसली जागा विकत होतं?

आता नाव बदलणं. अर्धी गोष्ट खरी आहे, नाइलाजाने मान्य करतो. काही मेल सर्व्हर फक्त नावाचं शेपूट (शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं) बघतात, आणि ऐरोली-महाप्याच्या आयटीवाल्यांनी या युक्तीवर बरीच वर्षं काढली आहेत. पण नावाने फाइल बदलत नाही. विंडोजच्या कुठल्याही ईएक्सईची सुरुवात 'एम' आणि 'झेड' या दोन अक्षरांनी होते. ती मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरची आद्याक्षरं. पाटी काहीही लावा, आत डोकावणाऱ्याला ती दिसतातच.

मामाच्या फाइलचं तर शेपूटसुद्धा बदललं नव्हतं. विंडोज मुळातच ओळखीची शेपटं लपवून ठेवतं. त्याला स्क्रीनवर नुसतं 'सेटअप' दिसत होतं, त्याने ते 'सेटअप.जेपीजी' केलं. खरं नाव झालं 'सेटअप.जेपीजी.ईएक्सई'. जीमेलने पुन्हा अडवलं, आणि मामा म्हणतो, "बघ, किती हुशार झालेत!" हुशारी कसली? फाइल ईएक्सईच होती. फक्त आता ती माणसाला फोटो वाटत होती. मे 2000 मध्ये 'आय लव्ह यू' नावाचा व्हायरस जगभर पसरला तो नेमका याच आडोशाने. मेलसोबतच्या प्रेमपत्राच्या नावात आधी टीएक्सटी होतं आणि त्यामागे व्हीबीएस, म्हणजे चालणारा प्रोग्राम. लोकांना टीएक्सटी तेवढं दिसलं, त्यांनी उघडलं. त्याच्या पुढच्याच महिन्यात आउटलुकमध्ये ती बंदी आली. म्हणजे ज्या फसवणुकीमुळे हा अडसर घालावा लागला, तीच मेसेजवाले युक्ती म्हणून शिकवताहेत.

झिपला पासवर्ड लावला की आतल्या फाइलींची नावं लपत नाहीत. साध्या झिपमध्ये मजकूर कुलूपबंद होतो, यादी उघडी राहते. जीमेलचं मदतीचं पान मराठी माणसालाही पाच मिनिटांत वाचून होईल. त्यावर स्पष्ट लिहिलंय की बंदी असलेली फाइल झिपच्या आत सापडली तरी अडवू, आणि यादीच पासवर्डखाली लपवलेली असेल तर ती झिपही अडवू. एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल), जेएआर, आयएसओ, सगळी त्या बंदीच्या यादीत आहेत.

आणि अँटीव्हायरस बंद करण्याचा सल्ला! इथे माझं डोकं फिरलं. मामाने गाळ्यावरच्या पोराला फोन करून सांगितलं, "फाइल येतेय, ते बंद करून ठेव." पोराने केलं. फाइल काही आली नाही, आणि परत चालू कर म्हणून कोणी सांगितलं नाही. ज्या मशीनवर शेठचं नेटबँकिंग आणि जीएसटीचं लॉगिन उघडतं, ते दोन दिवस तसंच उघडं. 'पाच मिनिटं' म्हणजे काय असतं? घुसणाऱ्या प्रोग्रामला एकदा क्लिक पुरतं. नंतर अँटीव्हायरस चालू करायला जावं, तर कधीकधी त्या प्रोग्रामने तोच बंद पाडलेला असतो.

व्हॉट्सॲपवर फाइल जाते, हे खरं. खोट्या ई-चलानाची आणि लग्नपत्रिकेची एपीके पण तिथूनच येते. पैसे गेलेच तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायचा, हे मामाच्या भिंतीवर मी लिहून आलोय.

मग खरीखुरी सेटअप फाइल पाठवायची कशी? त्याच मदतीच्या पानावर आहे: फाइल सुरक्षित असल्याची खात्री असेल तर ड्राइव्हवर चढवा आणि तिथून मेलला जोडा. फक्त लक्षात ठेवा, 100 एमबीपेक्षा मोठी फाइल ड्राइव्ह व्हायरससाठी तपासत नाही. त्याहून सोपं म्हणजे पाठवूच नका. बिलिंगवाल्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून गाळ्यावरच उतरवून घ्या. आम्ही शेवटी तेच केलं, पोराला फोनवर पत्ता अक्षर अक्षर सांगून.

रविवारी नेरूळला मामाकडे गेलो तेव्हा त्याच्या कॉम्प्युटरवर शेपटं दाखवायची टिक लावून दिली. डेस्कटॉपवर 'सेटअप.जेपीजी.ईएक्सई' उमटलं. मामा चष्मा वर करून म्हणाला, "हे कोणी टाकलं इथे?"