‘क्रोममध्ये चाललं म्हणजे सगळीकडे चाललं’: एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

वेबसाइट बनवणाऱ्यांच्या गटांमध्ये एक मजकूर वरचेवर फिरत असतो. त्याचा मथितार्थ असा: आता सगळे ब्राउझर आतून क्रोमच आहेत, सगळे मानकं पाळतात आणि सगळे आपोआप अपडेट होतात, त्यामुळे साइट क्रोममध्ये नीट दिसली की काम संपलं. फारच शंका आली तर क्रोमच्याच डेव्हलपर टूल्समध्ये आयफोन निवडून बघावं. जुन्या आवृत्त्या तपासायच्या फंदात पडू नये, कारण एका मशीनवर एकाच ब्राउझरच्या दोन आवृत्त्या नांदतच नाहीत.

हा सल्ला ऐकणाऱ्या डेव्हलपरला त्याचा त्रास होत नाही. त्रास होतो तो जुन्या फोनवर परीक्षेचा फॉर्म भरायला बसलेल्या मुलीला, जिच्यासमोर कोरं पान येतं. म्हणून एकेक मुद्दा तपासू.

‘सगळे ब्राउझर आतून क्रोमच आहेत’

ऑपेरा २०१३ मध्ये आणि एज जानेवारी २०२० मध्ये क्रोमियमवर (क्रोम ज्यावर उभा आहे त्या खुल्या कोडवर) आले. ब्रेव्ह, विवाल्डी, सॅमसंग इंटरनेट हेही त्याच घरातले. या सगळ्यांचं इंजिन, म्हणजे पान वाचून रेखाटणारा भाग, ब्लिंक. इथपर्यंत दावा खरा. पण फायरफॉक्सचं इंजिन गेको आहे आणि सफारीचं वेबकिट. आयफोनवर तर हा दावा पार उलटा होतो. तिथे चिन्ह क्रोमचं असो वा फायरफॉक्सचं, आत वेबकिटच चालतं, कारण अ‍ॅप स्टोअरचा तसा नियम आहे. मार्च २०२४ मध्ये आलेल्या आयओएस १७.४ पासून युरोपीय संघात दुसऱ्या इंजिनांना परवानगी मिळाली. भारतातल्या आयफोनना ती सवलत लागू नाही. म्हणून ‘आयफोनवर क्रोममध्ये बटण दबत नाही’ अशी तक्रार आली की ती सफारीची तक्रार समजायची आणि शोध तिथून सुरू करायचा.

‘सगळे मानकं पाळतात’

मानक सगळ्यांसाठी एकच असतं, पण ते प्रत्येक इंजिनात वेगळ्या तारखेला उतरतं आणि खरी अडचण त्या मधल्या काळात होते. सीएसएसमधला, म्हणजे पानाचं दिसणं ठरवणाऱ्या भाषेतला, ‘हॅझ’ सिलेक्टर (पोटात अमुक असलेला घटक निवडणारी खूण) घ्या. सफारी १५.४ मध्ये तो मार्च २०२२ मध्ये आला, क्रोम १०५ मध्ये त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, आणि फायरफॉक्स १२१ मध्ये थेट डिसेंबर २०२३ मध्ये. इथे क्रोम पहिला नव्हताच. यातला धोका असा की स्वल्पविरामाने जोडलेल्या सिलेक्टरांपैकी एक जरी ब्राउझरला कळला नाही, तरी तो सगळा नियमच टाकून देतो. ‘हॅझ’वाला सिलेक्टर आणि एखादा साधा क्लास एकाच नियमात लिहिले, तर फायरफॉक्स ११५ मध्ये त्या साध्या क्लासलाही काही लागू होत नाही. दोन नियम वेगळे लिहिणं हाच उपाय.

सीएसएसमधली ‘सपोर्ट्स’ ही तपासणी लावून विचारलं की ब्राउझर खरं सांगेल, असंही धरून चालू नये. फ्लेक्स या मांडणीतला ‘गॅप’ (डब्यांमधलं अंतर) सफारीत १४.१ पासून, म्हणजे एप्रिल २०२१ पासून आहे. पण हाच गुणधर्म ग्रिड या दुसऱ्या मांडणीसाठी सफारीत त्याच्या कितीतरी आधीपासून होता. त्यामुळे सफारी १३ ला ‘गॅप कळतो का’ असं विचारलं तर ती ‘हो’ म्हणते आणि फ्लेक्समधले डबे एकमेकांना चिकटून उभे राहतात.

सगळ्यात जास्त नुकसान करतं ते रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकुरात नमुना शोधायच्या सूत्रातलं) लुकबिहाइंड, म्हणजे ‘आधी अमुक असेल किंवा नसेल तरच’ ही अट. क्रोममध्ये ते ६२ व्या आवृत्तीपासून म्हणजे २०१७ पासून आहे, फायरफॉक्समध्ये ७८ पासून. सफारीत मात्र १६.४ पासून, म्हणजे मार्च २०२३ मध्ये आलं. हे वाक्यरचनेचं प्रकरण असल्याने जुन्या सफारीत तेवढी ओळ चुकते आणि बाकीचं चालतं, असं होत नाही. दोन तिरप्या रेघांमध्ये लिहिलेली रेग्युलर एक्स्प्रेशन फाइल वाचतानाच तपासली जाते, चूक सापडली की पूर्ण स्क्रिप्ट फाइल नाकारली जाते, आणि सगळी साइट एकाच बंडलमध्ये (सगळ्या स्क्रिप्ट जोडून केलेल्या फाइलमध्ये) असेल तर पांढरं पान उरतं. कन्सोलमध्ये ‘इनव्हॅलिड ग्रुप स्पेसिफायर नेम’ असं लिहून येतं, त्यावरून हे दुखणं ओळखता येतं. नवी जावास्क्रिप्ट जुन्या ब्राउझरांसाठी बदलून देणारं बेबल हे साधनही ते बदलून देत नाही. पुष्कळदा ते आपण लिहिलेलंही नसतं. कुठल्यातरी पॅकेजच्या पोटातून आलेलं असतं. म्हणून तयार झालेल्या बंडलमध्येच शोधायचं: उघडा कंस, प्रश्नचिन्ह, ‘पेक्षा कमी’चं चिन्ह आणि त्यापुढे बरोबरचं किंवा उद्गारचिन्ह. सापडलं तर पॅटर्न कॅप्चर ग्रुप (जुळलेला भाग कंसात पकडणं) वापरून नव्याने लिहावा. ते जमत नसेल तर कन्स्ट्रक्टरने स्ट्रिंगमधून बनवावा आणि ट्राय-कॅचमध्ये (चूक झाली तरी ती पकडणाऱ्या रचनेत) ठेवावा, म्हणजे निदान बाकीची फाइल चालेल.

मराठी साइटांना लागू पडणारं एक उदाहरण. ‘क्षमा’ या शब्दाची लांबी जावास्क्रिप्टमध्ये ५ येते, कारण क, हलंत, ष, म आणि काना असे पाच घटक सुटे मोजले जातात. वाचकाला दिसणारी अक्षरं मोजायला किंवा मजकूर मधेच न फोडता छाटायला जावास्क्रिप्टच्या ‘इंटल’ (Intl) विभागातला सेगमेंटर आहे. तो क्रोममध्ये ८७ पासून, सफारीत १४.१ पासून आणि फायरफॉक्समध्ये १२५ पासून, म्हणजे एप्रिल २०२४ पासून आहे. न तपासता वापरला तर फायरफॉक्स ११५ मध्ये स्क्रिप्ट तिथेच थांबते. शिवाय जोडाक्षर एक धरायचं की फोडायचं याचा नियम युनिकोड १५.१ मध्ये, २०२३ साली बदलला. त्यामुळे सेगमेंटर असलेल्या दोन आवृत्त्यांतही ‘क्ष’ची मोजणी वेगळी येऊ शकते. अक्षरजुळणीचंही तसंच. क्रोम आणि फायरफॉक्स हार्फबझ वापरतात, सफारी अ‍ॅपलचं कोअर टेक्स्ट. नवा वेबफाँट घेताना ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कुऱ्हाड’ हे शब्द सफारीत स्वतंत्रपणे पाहिलेच पाहिजेत.

मानकं पाळल्याचा पुरावा म्हणून अजूनही कुणी अ‍ॅसिड३ चे गुण दाखवतं. ती चाचणी मार्च २००८ ची आहे, तिच्यातले काही नियम नंतर मानकातच बदलले, आणि आजच्या ब्राउझरला तिथे पूर्ण १०० मिळाले नाहीत म्हणून काही बिघडत नाही. खरी कसोटी पाहायची तर सगळे ब्राउझर निर्माते मिळून चालवतात त्या ‘वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स’ पाहाव्यात. तिथे प्रत्येक चाचणी कोणत्या इंजिनात पास आणि कोणत्या इंजिनात नापास, हे समोरासमोर दिसतं.

‘डेव्हलपर टूल्समध्ये आयफोन निवडला की झालं’

त्याने खिडकीची रुंदी, पिक्सेलचं प्रमाण, स्पर्शाच्या घटना आणि युजर एजंट (ब्राउझर साइटला सांगतो ती स्वतःची ओळख) एवढंच बदलतं. पान रेखाटणारं इंजिन ब्लिंकच राहतं. आयफोनच्या सफारीत १६ पिक्सेलपेक्षा लहान अक्षरांच्या इनपुटवर बोट ठेवलं की पान झूम होतं. टूल्समधल्या ‘आयफोन’वर ते कधीच दिसणार नाही. अ‍ॅड्रेस बार आत-बाहेर होताना १०० व्हीएच (पूर्ण खिडकीइतक्या) उंचीचं पान खालून कापलं जातं, तेही नाही. लुकबिहाइंडची चूकही नाही. युजर एजंटवर तर मुळीच विसंबू नये: क्रोमच्या युजर एजंटमध्ये मोझिला, अ‍ॅपल वेबकिट आणि सफारी ही तिन्ही नावं असतात, आणि १०१ व्या आवृत्तीपासून मुख्य क्रमांकापुढचे आकडे शून्यच असतात.

‘सगळे आपोआप अपडेट होतात’

ऑपरेटिंग सिस्टिम परवानगी देते तोवरच. विंडोज ७ आणि ८.१ वर क्रोम १०९ पाशी थांबला, फायरफॉक्स ११५ च्या ईएसआर (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणाऱ्या) शाखेवर. अँड्रॉइड ७ वर शेवटचा क्रोम ११९, अँड्रॉइड ८ आणि ९ वर १३८. आयफोन ७ आयओएस १५ च्या पुढे जात नाही, आणि सफारी आयओएसबरोबरच येते. म्हणजे त्या फोनवर लुकबिहाइंड नाही, कंटेनर क्वेरीही (डब्याच्या आकारानुसार मांडणी बदलणारे सीएसएस नियम) नाहीत.

विंडोज ७ वरच्या या दोन्ही ब्राउझरना सीएसएस नेस्टिंग (एका नियमाच्या आत दुसरा नियम लिहिणं) कळत नाही. ते क्रोममध्ये ११२ ला आणि फायरफॉक्समध्ये ११७ ला आलं. तिथे नुसता आतला नियम गळत नाही. जुना पार्सर (कोड वाचणारा भाग) त्या आतल्या नियमाला चुकलेलं डिक्लरेशन (गुणधर्म आणि त्याची किंमत) समजतो आणि पुढचा अर्धविराम सापडेपर्यंत सगळं गिळतो. त्यामुळे आतल्या महिरपी कंसानंतर लिहिलेलं पॅडिंगसुद्धा गायब होतं. बिल्ड करताना नेस्टिंग सपाट करून घेतलं की ही अडचण मिटते.

‘एका मशीनवर दोन आवृत्त्या राहत नाहीत’

हा समज इंटरनेट एक्स्प्लोररच्या काळातला. तो ब्राउझर विंडोजच्या अंगातच मुरलेला असायचा, म्हणून एका विंडोजवर एकच आवृत्ती. खटपट करून सुट्ट्या केलेल्या आवृत्त्या चालायच्या, पण कंडिशनल कमेंट्स (पानात ठरावीक आवृत्तीपुरता लिहिलेला कोड) आवृत्तीचा क्रमांक रजिस्ट्रीतून वाचायच्या. म्हणून ७ असलेल्या मशीनवरची सुटी ६ स्वतःला ७ समजायची आणि चाचणी खोटी ठरायची. ११ वी आवृत्ती १५ जून २०२२ ला निवृत्त झाली. कार्यालयातली जुनी अंतर्गत प्रणाली तिच्यावरच अडून असेल तर एजमधला आयई मोड वापरावा, त्यात ते जुनं इंजिन खरोखर चालतं.

आजच्या ब्राउझरांबाबत अडचण वेगळी आहे: प्रोग्रॅम दोन राहतात, पण दोघांना एकच प्रोफाइल (सेटिंग, बुकमार्क, पासवर्ड असलेलं फोल्डर) दिलं की गोंधळ होतो. प्रत्येक आवृत्तीला स्वतःचं फोल्डर, स्वतःचं प्रोफाइल आणि अपडेट बंद, एवढं सांभाळावं.

फायरफॉक्ससाठी मोझिलाच्या संग्रहातून हव्या त्या आवृत्तीचा पूर्ण इन्स्टॉलर घ्यावा. छोटा इन्स्टॉलर नको, तो ताजी आवृत्ती उतरवतो. विंडोजवर ‘कस्टम’ निवडून ‘फायरफॉक्स-११५’ असं वेगळं फोल्डर द्यावं आणि शेवटी ‘आता सुरू करा’वरची खूण काढावी. ती राहिली तर जुनी आवृत्ती उघडते, नवी पार्श्वभूमीत उतरवून घेते आणि पुढच्या वेळी तुमच्या ११५ च्या फोल्डरात भलतीच आवृत्ती उघडते. खूण काढल्यावर त्याच फोल्डरात ‘डिस्ट्रिब्यूशन’ (distribution) नावाचं फोल्डर करून त्यात ‘पॉलिसीज’ नावाची जेसन फाइल (policies.json) ठेवावी. ‘पॉलिसीज’ या ऑब्जेक्टच्या आत ‘डिसेबल अ‍ॅप अपडेट’ची (DisableAppUpdate) किंमत ट्रू. मगच ब्राउझर उघडावा आणि ‘अबाउट:पॉलिसीज’ या पानावर ते धोरण लागू झाल्याची खात्री करावी. ६७ व्या आवृत्तीपासून प्रत्येक इन्स्टॉलेशनला आपोआप वेगळं प्रोफाइल मिळतं. त्याआधीची आवृत्ती ‘पी’ स्विचने प्रोफाइल निवडून आणि ‘नो-रिमोट’ लावून उघडावी लागते. नव्या आवृत्तीने वापरलेलं प्रोफाइल जुनीला दिलं तर ६७ पासूनचा फायरफॉक्स स्वतःच अडवतो आणि नवं प्रोफाइल करायला सांगतो. ती सूचना टाळायच्या युक्त्या वापरू नयेत, बुकमार्क आणि पासवर्ड खराब होतात.

क्रोमचे स्टेबल, बीटा, डेव्ह आणि कॅनरी एकमेकांशेजारी बसतात. मागच्या आवृत्तीसाठी गुगलचंच ‘क्रोम फॉर टेस्टिंग’ आहे: ११३ पासूनच्या आवृत्त्या, झिप उघडली की चालतात, स्वतःहून अपडेट होत नाहीत. प्रत्येकीच्या शॉर्टकटमध्ये टार्गेटच्या शेवटी दोन डॅश, ‘युजर-डेटा-डिर’ (user-data-dir), बरोबरचं चिन्ह आणि वेगळ्या फोल्डरचा पत्ता द्यावा. तो न देता दुसरी आवृत्ती उघडली तर ती आधीपासून चालू असलेल्या पहिलीकडेच काम सोपवते. खिडकी नवी दिसते, आवृत्ती मात्र जुनीच, आणि चाचणी वाया जाते. म्हणून दर वेळी ‘क्रोम:व्हर्जन’ या पानावर क्रमांक आणि प्रोफाइलचा पत्ता पाहून घ्यावा. १०९ हवा असेल तर क्रोमियमची स्नॅपशॉट बिल्ड (त्या वेळच्या कोडची तयार प्रत) घ्यावी लागते. तिच्यात एच.२६४ हा व्हिडिओ उलगडणारा कोडेक नसतो, त्यामुळे व्हिडिओ चालला नाही तर साइटला दोष देऊ नये.

सफारी खरोखर अडचणीची आहे, कारण ती मॅकच्या प्रणालीतलं वेबकिट वापरते. ‘सफारी टेक्नॉलॉजी प्रीव्ह्यू’ स्वतःचं वेबकिट घेऊन येते आणि शेजारी चालते, पण ती पुढची आवृत्ती दाखवते, मागची नाही. मागची हवी तर मॅकवरच्या एक्सकोड या अ‍ॅपलच्या साधनात जुन्या आयओएसचा सिम्युलेटर उतरवावा. किती मागे जाता येईल ते एक्सकोडच्या आवृत्तीवर ठरतं. मॅक नसेल तर प्लेराइट या चाचणी-साधनाबरोबर येणारं वेबकिट विंडोज आणि लिनक्सवर चालतं. मांडणी आणि स्क्रिप्टच्या चुका त्यात पुष्कळ सापडतात, मात्र व्हिडिओ, फाँट आणि कीबोर्डचं वागणं त्यावरून ठरवू नये. त्यासाठी जुना आयफोनच हातात हवा.

या जुन्या आवृत्त्यांत सुरक्षेची भोकं बुजवलेली नसतात, तेव्हा त्यांत बँकेचं किंवा कामाचं लॉगिन करू नये. आणि फायरफॉक्सची १२८ च्या किंवा ईएसआर ११५.१३ च्या आधीची आवृत्ती उघडल्यावर अ‍ॅड-ऑन बंद पडलेले दिसले, तर आपण काही बिघडवलं म्हणून शोधत बसू नये: त्यांच्यातल्या मूळ प्रमाणपत्राची मुदत १४ मार्च २०२५ ला संपली आहे.