सॅल्व्हेज टायटलची मर्सिडीज: ज्यांचे ठरलेलेच आहे त्यांच्यासाठी मार्गदर्शन

सॅल्व्हेज टायटलची, म्हणजे विमा कंपनीने एकदा निकालात काढल्याचा शेरा मालकीच्या कागदावर असलेली, जुनी आलिशान गाडी घ्यावी की नाही, असा सल्ला जो विचारतो त्याचा निर्णय बहुधा झालेला असतो. त्याला सल्लागार नको असतो, साक्षीदार हवा असतो. न्यू जर्सीतल्या आपल्या टाउनहाउसमध्ये, मुले झोपल्यावर, त्या काळ्या एस-क्लासचे सगळे फोटो पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालून आपण हा लेख वाचायला घेतला असेल, तर साक्षीदाराची ही भूमिका मी आनंदाने पत्करतो. गाडी जरूर घ्यावी. पुढचा मजकूर आपले मन वळवण्यासाठी नाही. रात्री-अपरात्री डोके वर काढणाऱ्या किरकोळ शंकांचा आपल्याला बंदोबस्त करता यावा, एवढाच त्याचा हेतू आहे.

प्रथम हिशेब मांडावा, आणि तो सोयीच्या बाजूने मांडावा. समजा, स्वच्छ टायटलची तशीच गाडी बाजारात ५० हजार डॉलरला मिळते आणि ही ३० हजारांना. याचा अर्थ आपण ३० हजार खर्च करत नसून २० हजार मिळवत आहोत, ही गोष्ट सौभाग्यवतींना समजावण्यापूर्वी स्वतःला नीट पटवून घ्यावी. असा इतिहास असलेल्या गाड्या सर्वसाधारणपणे २० ते ४० टक्क्यांनी स्वस्त जातात. म्हणजे बाजाराच्या मते त्यांची लायकीच तेवढी असते, असा दुष्ट निष्कर्ष कोणी काढला तर तिकडे लक्ष देऊ नये. याहून खात्रीचा उपाय म्हणजे डॉलरचे रुपये करणे. एस-क्लासची जुळणी चाकणला होते, तरीही पुण्यात नवी एस-क्लास दीड कोटीच्या पुढेच जाते, आणि आपण मात्र तीस लाखांच्या आतच ती दारात उभी करणार आहोत. ही तुलना नव्या गाडीची एका आपटलेल्या जुन्या गाडीशी होत आहे, हे कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीही विचारत नाही. टायटल हा कागद असतो आणि तो दारातल्या फोटोत येत नाही.

आता त्या शिक्क्याबद्दल. गाडीचे मोठे नुकसान झाले की विमा कंपनी दुरुस्तीचा अंदाज काढते, आणि तो गाडीच्या बाजारभावाच्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर गाडी ‘टोटल लॉस’ ठरवून मालकाला तिची किंमत चुकती करते. मग त्या गाडीच्या टायटलवर राज्य सरकारचा सॅल्व्हेजचा शेरा पडतो. ही मर्यादा राज्यागणिक वेगळी आहे. न्यूयॉर्कमध्ये ती ७५ टक्के आहे, फ्लोरिडात ८० टक्के, टेक्सासमध्ये १०० टक्के. न्यू जर्सीसारख्या राज्यांत दुरुस्तीचा खर्च आणि मोडक्या गाडीचे लिलावात येणारे पैसे यांची बेरीज बाजारभावाशी ताडून पाहतात. यातून आपण एवढेच उचलायचे की जी गाडी हडसनच्या एका काठावर भंगार ठरते ती दुसऱ्या काठावर कदाचित ठरणार नाही, म्हणजेच शिक्का हा निव्वळ भूगोलाचा प्रश्न आहे. गारपिटीने टपावर खळगे पडलेली गाडी, किंवा चोरीला जाऊन विम्याचे पैसे चुकते झाल्यावर धडधाकट सापडलेली गाडीसुद्धा सॅल्व्हेज होऊ शकते, हे खरेच आहे. विकणाऱ्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवला तर अमेरिकेतल्या सर्व सॅल्व्हेज गाड्या याच दोन कारणांनी सॅल्व्हेज झालेल्या आहेत.

एक गोष्ट मात्र प्रयत्नपूर्वक विसरावी लागेल. या सगळ्या व्यवहारात स्वतःचे पैसे पणाला लावून, गाडीची मोडतोड तपासून, सुट्या भागांच्या किमती आणि कामाचे तास मांडून तिचा हिशेब करणारा एकच पक्ष होता, तो म्हणजे विमा कंपनी. आणि तिला ही गाडी दुरुस्त करून देण्यापेक्षा मालकाला पूर्ण किंमत देऊन तिच्यापासून सुटका करून घेणे स्वस्त वाटले. जो धंदा एरवी चाळीस डॉलरच्या दाव्यासाठी ग्राहकाला फोनवर तास तास संगीत ऐकवतो, तो या एका प्रसंगी गोंधळला आणि हजारो डॉलर उधळून बसला, असे आपण मानायचे आहे. हे एकदा मानले की बाकीचे सर्व सोपे जाते.

यानंतर रीबिल्डरचा प्रवेश होतो. विमा कंपनी ती गाडी कोपार्टसारख्या कंपनीच्या लिलावात काढते, आणि तिथे काही गाड्यांपुढे ‘रन अँड ड्राइव्ह’ असे मोठे आश्वासक शब्द लिहिलेले असतात. त्यांचा अधिकृत अर्थ इतकाच, की आवारात आणली गेली तेव्हा गाडी सुरू झाली, गिअर पडला आणि ती आपल्या बळावर हलली. ती रस्त्यावर चालवण्याजोगी आहे, किंवा न्यायला याल त्या दिवशीही हलेल, असे कोणीही म्हटलेले नाही. आपण अर्थातच ‘इंजिन एकदम मस्त’ असा त्याचा भावार्थ घ्यावा. रीबिल्डर ती गाडी विकत घेतो, ट्रकवर लादून आणतो, दुरुस्त करतो, राज्याकडून तपासून घेऊन तिला रीबिल्ट टायटल मिळवतो आणि आपला नफा ठेवून आपल्याला २० हजारांनी स्वस्त देतो. जी दुरुस्ती विमा कंपनीला नफ्याविनाही परवडत नव्हती, ती हा एकटा माणूस नफा काढून करून दाखवतो. अशा कर्तबगारीचे कौतुक करावे. ती कशी साधली, हे विचारू नये.

विचारलेच, तर उत्तर स्टिअरिंगच्या आणि डॅशबोर्डच्या आत सापडते. मोठ्या धडकेत एअरबॅगा उघडतात, सीटबेल्ट आवळणारे प्रीटेन्शनर वाया जातात, धडक नोंदवणारे कंट्रोल युनिट बदलावे लागते, पुढचे रडार आणि कॅमेरे पुन्हा जुळवून घ्यावे लागतात, आणि हे सगळे अस्सल करायचे तर बिल हजारो डॉलरवर जाते. यातले काहीही फोटोत दिसत नाही आणि पुढची धडक बसेपर्यंत गाडी चालवणाऱ्यालाही फारसे जाणवत नाही, म्हणून काटकसरीला खरा वाव इथेच असतो. एअरबॅगची जागा रिकामी ठेवून वर नवे झाकण बसवायचे आणि डॅशबोर्डवरचा दिवा गप्प करायचा, ही जुनी पद्धत झाली. नव्या पद्धतीत एअरबॅग फुगवणारे निकृष्ट दर्जाचे परदेशी इन्फ्लेटर स्वस्तात आणून बसवतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने जुलै २०२४ मध्ये त्याबद्दल इशारा दिला होता: आधीच्या नऊ महिन्यांत अशा इन्फ्लेटरमुळे तिघांचा मृत्यू झाला होता आणि दोघांना आयुष्यभराच्या जखमा झाल्या होत्या, कारण पिशवी फुगण्याऐवजी धातूचे मोठे तुकडे चालकाच्या छातीत, मानेत, चेहऱ्यात घुसले, आणि या बहुतांशी आधी अपघात होऊन एअरबॅग बदललेल्या जुन्या गाड्या होत्या. हा परिच्छेद घरी मोठ्याने वाचून दाखवण्याचे कारण नाही.

धडकेची गाडी नकोच वाटत असेल तर पुराची घ्यावी. तिच्यावर ओरखडासुद्धा नसतो, आणि आपल्या भागात तिचा कधी तुटवडा पडलेला नाही. २९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री सँडी वादळ आपल्याच किनाऱ्यावर आले, तेव्हा सुमारे अडीच लाख गाड्यांचे नुकसान नोंदले गेले. सप्टेंबर २०२१ च्या पहिल्या रात्री आयडा वादळाने न्यू जर्सीचे रस्तेच नद्या करून टाकले. सँडीच्या पाण्यात नेवार्क बंदरावर फिस्कर कर्मा या लाखभर डॉलर किमतीच्या तीनशेहून अधिक नव्या हायब्रिड गाड्या बुडाल्या. खाऱ्या पाण्याने एका गाडीच्या कंट्रोल युनिटमध्ये शॉर्ट सर्किट झाले, वाऱ्याने आग पसरली आणि १६ गाड्या चक्क पुरात बुडून वर जळूनही गेल्या. हे उदाहरण विक्रेत्याला ऐकवल्यास तो म्हणेल की ती कंपनी केव्हाच दिवाळखोरीत गेली, ही जर्मन गाडी आहे. ते खरेच आहे. अनेक जर्मन गाड्यांत बॅटरी डिकीत आणि कंट्रोल युनिटे सीटखाली किंवा गालिच्याखाली बसवलेली असतात, कारण त्या जागी कधी रॅरिटन नदी येऊन बसेल, असे तिथल्या अभियंत्यांच्या ध्यानात आले नव्हते. पाणी ओसरते, पण मीठ आणि गाळ तारांच्या जोडांवर राहून महिनोन्महिने आपले काम करत राहतात. म्हणून गाडी पाहायला गेल्यावर सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढू नये, तिथे गाळाची रेघ सापडते. सीटखालच्या बोल्टवरचा गंज, स्पेअर चाकाच्या खळग्यातली रेती आणि हेडलाइटच्या आतली धूसर पाणरेषा यांच्याकडे पाठ करून उभे राहावे. आणि गाडीत सुगंधी द्रव्याचा इतका घमघमाट का आहे, असे विचारून यजमानाचा अवमान करू नये.

शिक्काच डोळ्यांना खुपत असेल तर तोही धुऊन मिळतो. गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन नवे टायटल काढताना जुना शेरा वाटेत गळून पडावा, अशी व्यवस्था करणारे हुशार लोक या देशात पुष्कळ आहेत. त्यांच्या पोटावर पाय आणण्यासाठी १९९२ च्या वाहनचोरीविरोधी कायद्याने टायटलांचा एक राष्ट्रीय नोंदसंच उभारायला सुरुवात केली, आणि २००९ पासून कोणीही ग्राहक सतरा अंकाक्षरांचा व्हिन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, टाकून थोड्या डॉलरांत त्याचा अहवाल काढू शकतो. ३० हजारांच्या खरेदीत असा फालतू खर्च कशाला वाढवावा, हा आपला विचार रास्त आहे. (भारतात आरसीवर असा शेराच नसतो, त्यामुळे तिकडचे लोक किती सुखाने पुराच्या गाड्या घेतात, ते पाहावे.)

‘पण राज्याने तपासलेली गाडी आहे’ हे वाक्य आपण आतापर्यंत पाठ केले असेल, आणि ते तसेच पाठ असू द्यावे. न्यूयॉर्कचे मोटार वाहन खाते स्वतःच सांगते की सॅल्व्हेज गाडीची त्यांची तपासणी चोरीचे सुटे भाग शोधण्यासाठी असते, गाडी सुरक्षित आहे की नाही हे ठरवण्यासाठी नसते. म्हणजे सरकारने आपल्याला लेखी हमी दिलेली आहे की या गाडीचा चुराडा झालेला भाग चोरीच्या मालाने दुरुस्त केलेला नाही. याउपर एखाद्या स्वतंत्र मेकॅनिककडे दोन-तीनशे डॉलर भरून गाडी लिफ्टवर चढवावी, चासी मोजून घ्यावी, असे कोणी सुचवेल. ते करू नये, कारण तो काहीतरी सांगेल. भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवर हापूसची पेटी घेताना आपण प्रत्येक आंबा देठापाशी हुंगतो आणि तीन पेट्या उघडायला लावतो, हे मान्य. पण आंबा खायचा असतो, गाडीत तर फक्त मुलांना बसवायचे आहे.

दुरुस्तीच्या भविष्याबद्दल थोडक्यात. उत्पादकाची वॉरंटी अशा गाडीवर सहसा उरत नाही. सुटे भाग जंकयार्डमधून स्वस्तात आणू, हा बेत टोयोटाला शोभतो. ऑडीत कित्येक इलेक्ट्रॉनिक युनिटे मूळ गाडीशी बांधलेली असतात आणि कंपनीच्या सर्व्हरकडून परवानगी मिळेपर्यंत दुसऱ्या गाडीत धड चालत नाहीत, तर सॅल्व्हेज टेस्लाला कंपनीच्या सुपरचार्जरवर वीज नाकारली जाऊ शकते. मर्सिडीजचे हवेचे सस्पेन्शन मात्र मनमिळाऊ आहे; बिघडले तर गाडी सकाळी अंगणात नम्रपणे खाली बसलेली आढळते.

बहुतेक बँका अशा गाडीला कर्ज देत नाहीत. ही त्यांची कृपा समजावी, कारण त्यामुळे सगळे पैसे रोख मोजण्याचा अनुभव मिळतो. जुन्या गाड्यांसाठी न्यू जर्सीत लेमन लॉ, म्हणजे सदोष गाडी गळ्यात पडलेल्या ग्राहकासाठीचा कायदा, आहे, पण टोटल लॉस ठरलेल्या गाडीला त्याचे संरक्षण मिळत नाही. डीलरकडून घेतली असेल तर खिडकीवर ‘अॅज इज’ची, म्हणजे ‘आहे तशी, हमी नाही’ अशी खूण केलेला कागद असतो, आणि घरगुती विक्रेता तर तेवढाही कागद देत नाही. विम्याचे म्हणाल तर समोरच्याच्या नुकसानीचा विमा मिळतो. आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा काही कंपन्या नाकारतात आणि काही देतात, पण भरपाईच्या वेळी शेरा आठवून रक्कम कापतात. विकत घेताना आपण जो शेरा क्षुल्लक मानला तोच त्यांना किती गंभीर वाटतो, याचे आश्चर्य वाटू देऊ नये. पहिल्या खेपेला तो लावायला कारणही त्यांच्याच धंद्यातले कोणीतरी होते.

गाडी घेतल्यावर ती गणेशोत्सवात मंडळाच्या पार्किंगमध्ये दाराजवळ लावावी, आणि किंमत कोणी विचारली तर ‘चांगली डील मिळाली’ एवढेच म्हणावे. मग एखाद्या संध्याकाळी रूट वनच्या सिग्नलला कोणीतरी मागून हलकेच येऊन आदळेल. बंपर, त्याच्या आतले सेन्सर, डिकीचे झाकण आणि रंगकाम एवढाच खर्च येईल, पण आपल्या गाडीचा बाजारभाव मुळातच शेऱ्याने खाली आलेला असल्यामुळे तो अंदाज मर्यादेबाहेर जाईल आणि गाडी दुसऱ्यांदा टोटल ठरेल. त्या वेळी विमा कंपनीचा माणूस फोनवर विचारील की ठरलेली भरपाई घेऊन गाडी देऊन टाकणार, की लिलावात येणारी किंमत वजा करून ती स्वतःकडेच ठेवणार. तेव्हा घाईने उत्तर देऊ नये. नेमके किती वजा करणार, ते त्याला शांतपणे विचारून घ्यावे, कारण बाहेरून पाहता गेला आहे तो फक्त बंपर, आणि तो स्वस्तात बसवून देणारा माणूस तर आता आपल्या चांगल्याच ओळखीचा झालेला आहे.