सोरायसिस म्हणजे दबलेला राग? मुळीच नाही!

"सोरायसिस म्हणजे दबलेला राग, कोड म्हणजे अपराधी भावना. मलमांनी रोग आत दाबला जातो. सगळी औषधं बंद करा, 21 दिवस ध्यान करा. त्वचेच्या डॉक्टरांना मनातलं काही कळत नाही." हा मेसेज फिरत फिरत माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत पोचला. तिला सोरायसिस आहे. तिने मला विचारलं, "ताई, मी एवढा कुणाचा राग धरून बसलेय का गं?" तेव्हापासून डोकं तापलंय.

सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती भरकटते. एरवी वर यायला साधारण महिना घेणारी त्वचेची पेशी काही दिवसांतच वर येते आणि पापुद्रे साचतात. ही प्रवृत्ती बरीचशी आनुवंशिक असते. कोडात हीच प्रतिकारशक्ती रंग तयार करणाऱ्या पेशींवर उलटते. यात राग आणि अपराध आले कुठून? आधीच लोकांच्या नजरा झेलणाऱ्या माणसाला 'दोष तुझ्याच मनाचा' असं सुनावणं हा दुष्टपणा आहे.

ताणाने सोरायसिस आणि एक्झिमा बळावतात, खाजही वाढते, एवढं मान्य. पण वाऱ्याने आग भडकली म्हणून ती वाऱ्याने लावली असं ठरत नाही.

सगळ्यात घातक आहे ते 'औषधं बंद करा'. सोरायसिसच्या रुग्णाला पोटातून स्टेरॉइड चालू असेल आणि ते एकदम तोडलं, तर अंगभर पू भरलेले फोड येऊ शकतात, ताप चढतो, थेट रुग्णालय गाठावं लागतं. जिवावर बेतू शकतं हे. औषध कमी करायचं तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू. आणि मलमाने रोग 'आत' जातो म्हणजे नेमका कुठे जातो, हे मेसेज लिहिणाऱ्याने एकदा सांगावंच.

डॉक्टरांना मन कळत नाही म्हणे! 1994 साली ब्रिटनमधल्या कार्डिफच्या त्वचारोगतज्ज्ञांनी 10 प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. गेल्या आठवड्यात त्वचेमुळे किती लाज वाटली, कपडे निवडताना अडलं का, जोडीदाराशी वा मित्रांशी खटके उडाले का, असे प्रश्न. ती जगभर वापरतात. 2015 साली 13 युरोपीय देशांतल्या त्वचा विभागांमधल्या साडेतीन हजारांहून जास्त रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. नैराश्य रुग्णांमध्ये 10.1 टक्के, तुलनेसाठी घेतलेल्या इतरांमध्ये 4.3 टक्के. आत्महत्येचे विचार 12.7 आणि 8.3 टक्के. त्वचेच्या डॉक्टरांनीच पुढाकार घेऊन शोधलेलं आहे हे. गर्दीच्या ओपीडीत अनेक डॉक्टर मनाचं विचारत नाहीत, हे नाइलाजाने कबूल करते. अशा वेळी झोप उडालीय, जगणं नकोसं झालंय, हे आपणहून सांगा. मानसोपचारतज्ज्ञांची मदत त्वचेच्या उपचारांसोबत घेता येते.

राहिलं ध्यान. 1998 साली ध्यानाचा उपचारात वापर करणारे अमेरिकी संशोधक जॉन कबाट-झिन यांच्या छोट्या अभ्यासात ध्यानाच्या टेप ऐकणाऱ्या रुग्णांचा सोरायसिस लवकर निवळला. त्या टेप ते रुग्ण प्रकाशोपचार, म्हणजे त्वचेवर अतिनील किरणांचा उपचार, घेताना ऐकत होते. उपचार कुणाचेच बंद केले नव्हते.