बेसी स्मिथ आणि 'हॉस्पिटलने हाकललं' ही गोष्ट

नमस्कार दादा, कमेंट पूर्ण वाचली. तुमचं म्हणणं असं की अमेरिकेतली काळी ब्लूज गायिका बेसी स्मिथ हिच्यावर एवढं लिहिलं पण गोऱ्यांच्या हॉस्पिटलने तिला दारातून परत पाठवलं म्हणून ती गेली हेच गाळलं, म्हणजे वर्णद्वेषावर पांघरूण घातलं. राग समजतो, मीही बरीच वर्षं हेच खरं धरून चाललो होतो. पण तसं घडलेलंच नाही हो.

२६ सप्टेंबर १९३७ची पहाट, मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलकडे जाणारा हायवे ६१. बेसीचा जोडीदार रिचर्ड मॉर्गन गाडी चालवत होता, ट्रकला धडकले आणि बेसीचा उजवा हात कोपरापाशी जवळजवळ तुटला. मासे पकडायला निघालेला एक गोरा डॉक्टर, ह्यू स्मिथ, तिथे थांबला, रस्त्यातच तिला जमेल तेवढं बघितलं, मग आपल्याच गाडीतून न्यावं म्हणून मागच्या सीटवरचं गळाबिळाचं सामान हलवत होता तर तिसरीच गाडी येऊन त्याच्या गाडीवर आदळली. शेवटी ॲम्ब्युलन्सने तिला थेट काळ्यांच्या हॉस्पिटलात नेलं, तिथे हात कापावा लागला आणि दुपार व्हायच्या आत ती गेली.

हाकललं वगैरे नंतर संगीत निर्माता जॉन हॅमंडने 'डाउनबीट' या जॅझच्या मासिकात ऐकीव माहितीवर लिहिलं आणि तेच पसरलं. गोऱ्यांच्या हॉस्पिटलपर्यंत तिला कुणी नेलंच नव्हतं. तेव्हाच्या मिसिसिपीत काळ्या बाईला तिकडे न्यायचा विचारसुद्धा कुणी केला नसता. मला तर हे त्या अफवेपेक्षा भयंकर वाटतं.

आणि अन्यायच बघायचा तर तिच्या कमाईकडे बघा ना. १९२३ साली कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने काढलेली तिची पहिलीच रेकॉर्ड, 'डाउनहार्टेड ब्लूज', सात लाखांच्या वर खपली पण करारात रॉयल्टीच नाही, एका गाण्याचे ठरलेले डॉलर घ्या आणि विषय संपला. चॅटनूगाच्या रस्त्यावर भावाच्या गिटारवर गाऊन चार पैसे मिळवणारी अनाथ पोर ती, तिच्या आवाजावर कंपनी तरली आणि १९३१मध्ये मंदीच्या काळात त्याच कंपनीने तिला सोडून दिलं. हे लिहिताना माझा हात थरथरला होता, खरं सांगतो.

अंत्ययात्रेला फिलाडेल्फियात हजारो लोक आले पण थडग्यावर दगड नाही, तब्बल ३३ वर्षं! १९७०मध्ये तो बसला, पैसे दिले रॉक गायिका जॅनिस जॉप्लिनने आणि हुआनिता ग्रीन यांनी, ज्या लहानपणी बेसीच्या घरची फरशी पुसायच्या.